टोकियो स्टेशनवरून शिंकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन) : मोठी बॅग चालेल का?

प्रश्न : आईला घेऊन नोझोमी या शिंकान्सेन गाडीने क्योतोला जातोय. तिची बॅग लांबी-रुंदी-उंची मिळून 170 सेंमी भरते. (आत काय आहे, विचारायची सोय नाही!) अडवतील का?

उत्तर १ : 160 च्या वर असेल तर मागे सामानाची जागा असलेली सीट आधीच आरक्षित करा. त्याचे जादा पैसे नाहीत. तशीच नेलीत तर 1000 येन द्यावे लागतील.

उत्तर २ : फलाट 14 ते 19 तोकाइदोचे, म्हणजे क्योतोकडे जाणाऱ्या तुमच्या मार्गाचे. 20 ते 23 वर जाऊ नका, तिथून उत्तरेला तोहोकू वगैरे भागांकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. आईंना ई सीट (खिडकीची) द्या. हवा स्वच्छ असली तर उजवीकडे फुजी दिसतो.

प्रश्नकर्ता : शेवटच्या रांगेतली ई मिळाली! गाडीत जेवलं तर चालतं ना?

उत्तर २ : बिनधास्त. स्टेशनातच एकिबेन (प्रवासात खायचा जेवणाचा डबा) घ्या.