टाकी अर्धी झाली की इंजिन का दमतं?

तुमच्या रिमोटवरच्या इंधनी हेलिकॉप्टरची टाकी भरलेली असताना हॉवर (एका जागी तरंगणं) झकास, अर्धी झाली की आवाज चढतो आणि इंजिन बंद पडतं, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी कार्ब्युरेटरची सुई (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) अर्धा फेरा उघडायला सांगितलंय. माझं ऐकाल तर सुईला हात लावू नका, आधी टाकी बाहेर काढा.

माझ्या ५० साइजच्या (०.५० घनइंच इंजिनाच्या) हेलीने मला असंच दोन रविवार नाचवलं. दोन ग्लो प्लग (तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारे) बदलले, कार्ब्युरेटर धुतला, फरक शून्य. शेवटी टाकीतली सिलिकॉनची नळी बोटांत धरून वाकवली, तर पितळी पाइपच्या तोंडाशी टाचणीच्या टोकाएवढं भोक! सरळ धरली की दिसतच नव्हतं. टाकी भरलेली असते तोवर भोक इंधनात बुडालेलं; पातळी खाली आली की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी) आणि इंजिन तापतं. पंधरा-वीस रुपयांची नळी, आणि मी शिव्या घालत होतो इंजिनला.

नळी ठीक निघाली तर बुडबुड्यांकडे बघा. कंपनाने इंधनाला फेस येतो. टाकी फ्रेमला थेट घासत असेल तर मध्ये फोमची पट्टी द्या. सायलेन्सरकडून टाकीत दाब देणारी प्रेशरची नळी निसटलेली नाही ना, तेही पाहा.

आणि हो, इंधनाचा कॅन मागच्या पावसाळ्यापासून उघडा असेल तर ते इंधन वापरू नका. त्यातलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, तेव्हा टाकीचं काम स्टार्टर-बॅटरीपासून लांब करा.

नळी वाकवून काय दिसलं ते कळवा.