टर्बोआधी इंटरकूलरचा होज तपासा

डिझेल गाडीचा पिकअप मधेच जात असेल तर आधी डिझेल फिल्टर बदला, त्याने फरक पडला नाही तर टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारा भाग) गेला, असं सांगितलं जातं. फिल्टरचं बरोबर, पण मग टर्बोच गेला, हे पटत नाही. पिकअप जातो तेव्हा मागून धूर कसा येतो ते बघा. फिल्टर चोंदला असेल तर डिझेलच कमी पडतं, काळा धूर सहसा नसतो. धूर काळाकुट्ट असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे टर्बोची हवा इंटरकूलरमधून (ती हवा थंड करणारा भाग) इंजिनाकडे नेणारा रबरी होज फाटलेला असू शकतो. (बीएस ६ गाडीत डीपीएफमुळे, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमुळे, धूर दिसणार नाही, तिथे सरळ होजकडे वळा.)

आमच्या गाडीला वरंध घाटात हेच व्हायचं. तिसऱ्या गिअरला रेस दिली की फुस्स आवाज आणि ताकद गायब. न्यूट्रलला मात्र सगळं ठीक, कारण लोड नसताना टर्बोचा दाब फारसा चढतच नाही. वर्कशॉपने नव्या टर्बोचं एस्टिमेट हातात दिलं होतं. ओळखीच्या मेकॅनिककाकांनी इंटरकूलरचा रबरी होज काढून पिळला, तर क्लिपखाली चीर उघडली. वरून नुसता तेलकट डाग आणि त्यावर बसलेली धूळ दिसत होती. स्कॅनरवर पी०२९९ हा एरर कोड आला तरी त्याचा अर्थ दाब कमी मिळतोय एवढाच, टर्बो खराब असा नाही.