किटकॅट फ्यूजचा जुना बोर्ड काढून एमसीबीची पेटी बसवायची आहे; तेवढ्याने भागेल का?

प्रश्न

आमच्या घरातील वीजजोडणी सुमारे ३५ वर्षांपूर्वीची आहे. मीटरजवळ लाकडी फळीवर एक लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे चार किटकॅट फ्यूज (आत तार बांधून वापरायचे, काढता-घालता येणारे फ्यूज) आहेत. जोडणी झाली तेव्हा घरात दिवे, पंखे आणि एक इस्त्री एवढाच भार होता. पुढे गीझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि आता एसी अशी भर पडत गेली, पण बोर्डाकडे कोणी पाहिले नाही. गेल्या महिन्यात गीझर आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी चालू असले की एक फ्यूज हमखास उडू लागला. पाहायला आलेल्या वायरमनने त्यात आधीपेक्षा जाड तार बांधून दिली. तेव्हापासून फ्यूज उडालेला नाही, परंतु त्या किटकॅटच्या कडेला तपकिरी डाग पडला आहे आणि जवळ गेल्यास जळकट वास येतो.

आता हा बोर्ड काढून टाकण्याचे आम्ही ठरवले आहे. वायरमनचे म्हणणे असे, की भिंतीतल्या वायरी तशाच ठेवून केवळ पेटी बदलावी आणि पुन्हा खटका पडू नये म्हणून सर्व सर्किटांना ३२ ॲम्पिअरचे एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे खटके) लावावेत. आरसीसीबीची (वीज गळू लागली की जोडणी तोडणाऱ्या खटक्याची) गरज नाही, असेही तो म्हणतो. घरात लहान मुले आणि वृद्ध आई आहे, त्यामुळे काम एकदाच आणि नीट व्हावे अशी इच्छा आहे. केवळ पेटी बदलणे पुरेसे ठरेल का, एमसीबी किती ॲम्पिअरचा असावा हे कशावरून ठरवायचे आणि आरसीसीबी खरोखर टाळता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

सर्वप्रथम एक विनंती. ज्या किटकॅटला डाग पडला आहे, ते सर्किट आजपासून वापरू नका. मेन स्विच बंद करून तो किटकॅट काढून ठेवा आणि गीझर काही दिवस बंद राहू द्या. जळकट वास म्हणजे तेथील पितळी पकड सैल झाली आहे किंवा वायरीचे टोक तापते आहे. सैल सांध्यातून प्रवाह वाहिला, की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, तापल्याने धातू काळवंडतो, काळवंडल्याने रोध वाढतो आणि पुन्हा उष्णता वाढते. लाकडी फळीवर हे चक्र चालू ठेवणे धोक्याचे आहे.

जाड तार बांधल्याने फ्यूज उडणे थांबले याचा अर्थ एवढाच, की आता तारेऐवजी भिंतीतली वायर तापू लागली आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातला हा उपाय झाला. सगळीकडे ३२ ॲम्पिअरचे एमसीबी लावण्याचा सल्लाही त्याच जातीचा आहे, आणि तो का स्वीकारू नये हे थोडे सविस्तर सांगतो.

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झाले तर विद्युतचुंबक क्षणात खटका पाडतो. भार थोडासाच जास्त असेल तर दोन धातूंची जोडपट्टी तापून हळूहळू वाकते आणि मग खटका पडतो. या दोन्ही गोष्टी एकाच छोट्या खटक्यात बसवण्याचे पेटंट जर्मनीच्या ह्यूगो श्टोट्झ यांनी १९२४ मध्ये घेतले आणि आजही मूळ कल्पना तीच आहे. घरगुती एमसीबीसाठी असलेल्या आयईसी ६०८९८ या मानकानुसार, छापील आकड्याच्या १.१३ पट प्रवाह वाहत असेल तर खटका तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तो तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ ॲम्पिअरचा एमसीबी ३६ ॲम्पिअर प्रवाह मुकाट्याने वाहू देईल आणि ४६ ॲम्पिअरलाही कदाचित बराच वेळ देईल. आता समजा, भिंतीत अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर आहे आणि नळीतून गेलेली ती वायर सुमारे २० ॲम्पिअर सुखाने वाहून नेते. ३६ ॲम्पिअरला त्या वायरीत तिप्पटीहून अधिक उष्णता निर्माण होईल आणि एमसीबी मात्र आपले काम नियमाप्रमाणे करत शांत बसलेला असेल.

म्हणून एमसीबी हा उपकरणाकडे पाहून नव्हे, तर त्याच्या पुढच्या वायरीकडे पाहून निवडायचा असतो. सर्वसाधारणपणे दीडच्या तांब्याच्या वायरीला ६ किंवा १० ॲम्पिअर, अडीचच्या वायरीला १६ आणि चारच्या वायरीला २० ॲम्पिअर असा हिशेब ठेवला जातो. वायर लांब असेल, एका नळीत अनेक वायरी कोंबलेल्या असतील किंवा जागा उष्ण असेल तर त्याहून कमी. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ९ ॲम्पिअर घेतो आणि पाणी तापवणारे वॉशिंग मशीनही तितकाच प्रवाह मागू शकते. ही दोन उपकरणे जुन्या दीडच्या वायरीवर एकत्र चालत असतील, तर फ्यूज उडत होता तो योग्यच उडत होता. गीझर, एसी आणि वॉशिंग मशीन यांना पेटीपासून स्वतंत्र वायरी ओढणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

काम सुरू करण्यापूर्वी भिंतीत तांबे आहे की ॲल्युमिनियम, हे अवश्य पाहून घ्या. इतक्या जुन्या घरात ॲल्युमिनियम निघण्याची शक्यता बरीच असते. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ते कमी प्रवाह वाहून नेते, उघड्या पृष्ठभागावर त्याचा ऑक्साइडचा थर लगेच जमतो आणि स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरत जाऊन सांधा आपोआप सैल होतो. अशी वायर नव्या एमसीबीत थेट खोचणे टाळावे. मी स्वतः अशा घरात नेहमी सर्व वायर बदलण्याचाच आग्रह धरतो, कारण पेटी नवी आणि वायर ॲल्युमिनियमची असली, की दोन वर्षांत त्याच टोकांपाशी पुन्हा जळके डाग पाहावे लागतात.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. मला आरसीसीबी आणि अर्थिंगबद्दल लिहायचे आहे, कारण घरात मुले आणि वृद्ध असताना ‘आरसीसीबीची गरज नाही’ हे वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो.

एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसाच्या शरीरातून जीवघेणा धक्का जाण्यास काही मोजके, दहांच्या पटीतले मिलिॲम्पिअरही पुरतात आणि १० ॲम्पिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोहोंत फरक पडला, तर तेवढा प्रवाह कुठेतरी गळतो आहे असे मानून तो जोडणी तोडतो. माणसांच्या रक्षणासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी वापरतात; तेवढ्या गळतीला तो ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत सुटला पाहिजे. मात्र साधा आरसीसीबी जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट यापासून संरक्षण देत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत एमसीबी हवेतच. एसी आणि वॉशिंग मशीन इन्व्हर्टर तंत्राची असतील तर ‘एसी’ प्रकाराचा आरसीसीबी घेऊ नका, किमान ‘ए’ प्रकाराचा घ्या; अशा यंत्रांच्या गळतीत एकाच दिशेचे स्पंद असू शकतात आणि ते ‘एसी’ प्रकाराला ओळखता येतीलच असे नाही. या नावाचा वातानुकूलन यंत्राशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो, कारण दुकानात त्यावरून नेहमी गोंधळ होतो.

आरसीसीबी चालण्यासाठी अर्थिंग लागत नाही, हे खरे आहे, आणि त्यामुळेच अनेक जण अर्थिंगकडे दुर्लक्ष करतात. पण फरक समजून घ्या. अर्थिंग ठीक असेल, तर गीझरच्या टाकीत वीज उतरताच गळती जमिनीकडे वाहू लागते आणि कोणी हात लावण्यापूर्वीच खटका पडतो. अर्थिंग नसेल, तर टाकी भारित अवस्थेत तशीच राहते आणि गळतीला वाट मिळते ती पहिल्यांदा हात लावणाऱ्या माणसातून. खटका तेव्हाही पडेल, परंतु धक्का बसल्यानंतर. म्हणून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी वायर खरोखर पोचली आहे का, हे मीटर लावून तपासून घ्या. सॉकेटला तिसरे भोक आहे, एवढ्यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट. जुन्या बोर्डांत फेजबरोबर न्यूट्रललाही किटकॅट लावलेला असतो. तो न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला, तर दिवे बंद होतात आणि वीज गेली असे वाटते, पण होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो. नव्या पेटीत न्यूट्रल एकट्याने तुटेल अशी कोणतीही व्यवस्था राहता कामा नये. मेनला दोन्ही तारा एकत्र तोडणारा दोन पोलचा स्विच असावा.

तिसरे उत्तर

मी तंत्रज्ञ नाही, पण आमच्या घरी केवळ पेटी बदलण्याचा प्रयोग झाला होता, म्हणून अनुभव लिहीत आहे. काम करणाऱ्याने एका दिवसात जुना बोर्ड उतरवून चकचकीत पेटी बसवली आणि आरसीसीबी लावला. संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला की सगळे घर अंधारात जाऊ लागले. दोन दिवसांनी त्याने आरसीसीबी बिघडलेला असल्याचे सांगून तो काढून टाकला आणि तारा थेट जोडल्या. जवळपास वर्षभर आम्ही संरक्षणाविना राहिलो.

नंतर दुसऱ्या माणसाने शोधून काढले, की जिन्यातल्या दिव्याचा फेज एका सर्किटातून आणि न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटातून घेतलेला होता, शिवाय ते दुसरे सर्किट आरसीसीबीच्या बाहेर राहिले होते. आरसीसीबीला गेलेला प्रवाह परत येताना दिसत नव्हता आणि तो प्रामाणिकपणे खटका पाडत होता. त्यामुळे माझी कळकळीची विनंती अशी, की खटका पडतो म्हणून कोणी आरसीसीबी काढू लागला तर त्याला काढू देऊ नका. कारण शोधून द्यायला सांगा. घरात बॅटरीवरचा इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रलही याच पद्धतीने गडबड करतो. शिवाय मेन स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या लाइनमध्ये वीज असते, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी तो बंद करून त्याची जोडणीही सोडवावी लागते. आमच्याकडे ही गोष्ट कोणीच सांगितली नव्हती.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तो किटकॅट त्याच दिवशी काढून ठेवला. त्यानंतर परवानाधारक कंत्राटदाराला बोलावून पूर्ण तपासणी करून घेतली. दिवे आणि पंख्यांच्या वायरी तांब्याच्या निघाल्या आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्रावर) त्यांचे इन्सुलेशन २० मेगओहमच्या वर आले. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराची वायर मात्र ॲल्युमिनियमची असून तिचे इन्सुलेशन जेमतेम ०.३ मेगओहम आहे. त्या दोन्ही खोल्यांतल्या सॉकेटांना अर्थिंगच नव्हते, हे कळल्यावर घरात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. आता या दोन खोल्यांची वायर संपूर्ण नवी ओढायची आणि मगच पेटी बसवायची, असे ठरले आहे. कंत्राटदार संपूर्ण घरासाठी एकच आरसीसीबी सुचवतो. ते योग्य आहे का, आणि पेटी किती मोठी घ्यावी?

पहिल्या उत्तरदात्याचे पुन्हा उत्तर

तपासणी आधी करून घेतलीत, हे फार चांगले केले. अशा चाचणीत किमान १ मेगओहम अपेक्षित असतो, त्यामुळे ०.३ मेगओहमची वायर काढण्याचा निर्णय योग्यच आहे. त्या वायरीवर आरसीसीबी टिकलाही नसता.

एकच आरसीसीबी लावल्यास एका गीझरच्या बिघाडाने रात्री सगळे घर अंधारात जाईल आणि वृद्ध माणसांसाठी तो अंधारही धोक्याचा असतो. शिवाय संगणक, एलईडी दिवे, वॉशिंग मशीन अशा प्रत्येक उपकरणाची अगदी थोडी गळती कायम चालू असते. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी १५ मिलिॲम्पिअरच्या पुढे कधीही सुटू शकतो, त्यामुळे ही थोडी थोडी गळती एकत्र झाली की विनाकारण खटके पडू लागतात. किमान दोन आरसीसीबी घ्या आणि दिवे व सॉकेट अशी विभागणी करा. प्रत्येक आरसीसीबीखालच्या सर्किटांचे न्यूट्रल त्याच्याच स्वतंत्र पट्टीवर आले पाहिजेत. खर्च झेपत असेल तर गीझर आणि वॉशिंग मशीनला आरसीबीओ लावा, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच खटक्यात मिळतात आणि बिघाड त्या सर्किटापुरताच राहतो.

पेटी पत्र्याची घ्या आणि आज लागणाऱ्या जागांपेक्षा किमान चार जागा जास्त ठेवा. एक पोलचा एमसीबी सुमारे १८ मिलिमीटर रुंद असतो आणि दोन पोलच्या आरसीसीबीला दोन जागा लागतात, त्यामुळे पेटी वाटते त्याहून लवकर भरते. मीटर ते मेन स्विच ही वायरही आताच्या भाराला पुरेशी आहे का, ते पाहून घ्या आणि गरज असेल तर मंजूर भार वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करा. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या टोकांवर वीज असतेच. तेथील काम कंपनीने पुरवठा तोडल्याशिवाय कोणालाही करू देऊ नका, आणि मीटरचे सील तर कोणीच हात लावण्याची गोष्ट नाही.

जुना बोर्ड उतरवताना एखाद्या किटकॅटच्या आत पांढरी, कापडासारखी चकती दिसली तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती फोडू किंवा झटकू नका. ओली करून जाड पिशवीत बंद करून वेगळी ठेवा. काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक एमसीबीसमोर सर्किटाचे नाव लिहून घ्या आणि कंत्राटदाराने पैसे मागण्यापूर्वी आरसीसीबी किती मिलिसेकंदांत सुटतो, याचे यंत्रावरचे आकडे कागदावर लिहून मागा. आईंना आणि मुलांना आरसीसीबीवरचे चाचणीचे ‘टी’ बटण कुठे आहे ते दाखवा. दर तीन महिन्यांनी ते दाबायचे आणि खटका पडला नाही, तर त्याच दिवशी कंत्राटदाराला फोन करायचा.