शब्दचर्चा : अन्नव्यवस्थेच्या अभ्यासक्रमात समानता, समता की समन्याय?

विचारणा

शाश्वत अन्नव्यवस्था या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मराठी वाचनसाहित्य तयार करताना आम्ही ‘सोशल इक्विटी’ या संज्ञेपाशी अडलो आहोत. अमेरिका आणि कॅनडातील काही विद्यापीठांत माती, हवामान आणि पोषण यांच्या बरोबरीने हा घटकही शिकवला जातो. आमच्या मसुद्यात मात्र ‘समानता’, ‘समता’ आणि ‘सामाजिक न्याय’ हे तिन्ही शब्द एकाच प्रकरणात एकमेकांच्या जागी आले आहेत. यांपैकी कोणता शब्द कायम करावा? ‘समन्याय’ चालेल काय, की तो फारच सरकारी वाटतो?

प्रतिसाद १

‘समन्याय’ सरकारी वाटण्याचे कारण पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद करणारा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ हे आहे. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद टंचाईच्या वर्षी पेटला की ‘समन्यायी पाणीवाटप’ हे शब्द मराठवाड्यात हक्काने उच्चारले जातात, तर नाशिक-नगरकडे कपाळाला आठ्या घालून. तरीही मी याच शब्दाच्या बाजूने आहे, कारण त्यामागची कल्पना कायद्याहून जुनी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर भिजेल इतके द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा ठेवायचा आणि उसासारख्या पिकाला ते पाणी द्यायचे नाही, असे नियम त्यांनी ठरवले. याला ‘समान वाटप’ म्हणता येत नाही, कारण प्रत्येक खातेदाराला सारखे पाणी मिळत नव्हते. आणि नुसते ‘समता’ म्हटले तर वाटा कशावरून ठरवायचा, हा मुद्दाच राहून जातो. ‘समन्याय’ या शब्दाने तो मुद्दा पुढे येतो.

वर्गात हा फरक समजावण्यासाठी रेशनचे उदाहरण पुरेसे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते, तर अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असली तरी ३५ किलो. म्हणजे अंत्योदय कार्डावर नऊ माणसे असतील, तर त्या घराला प्राधान्य गटातील तेवढ्याच मोठ्या घरापेक्षा १० किलो कमी पडते, आणि अंत्योदय ही तर अतिगरिबांसाठीची योजना आहे. प्रत्येक अंत्योदय कार्डाला सारखे धान्य देणे ही समानता झाली. पण घरात किती तोंडे खाणारी आहेत हे पाहिल्याशिवाय तिला समन्याय म्हणता येणार नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद पटला, तरी एक अडचण उरते. ‘समन्याय’ हा वाटपाचा शब्द आहे. जे हाताशी आहे ते कसे वाटावे एवढेच तो सांगतो. वाटपाला बसलेल्यांपैकी काहींकडे आधीपासूनच काही का नाही, हे तो सांगत नाही. अमेरिकेतील अभ्यासक्रमांना हा विषय टाळता येत नाही, कारण १८६२ च्या मॉरिल कायद्याने ज्या जमिनी देऊन तेथील कृषी महाविद्यालये उभी केली, त्यांतील बरीच जमीन मूळनिवासी जमातींकडून करारांनी किंवा बळाने घेतलेली होती. पुढे १९३८ मध्ये किमान वेतनाचा संघीय कायदा आला आणि त्यातून शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेकडील राज्यांत या मजुरांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती. गंमत अशी की, त्या कायद्याच्या नावातच ‘फेअर’ हा शब्द आहे. आपली कृषी विद्यापीठे त्याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली (राहुरीचे १९६८ चे), तेव्हा नमुना घेतला आणि त्याचा इतिहास तेवढा सोडून दिला, असे होऊ नये. त्या भागासाठी ‘सामाजिक न्याय’ हाच शब्द ठेवावा.

आणखी एक शब्द तपासावा, तो म्हणजे ‘शेतकरी’. पाठ्यपुस्तकांत त्याचा अर्थ बहुधा ‘सातबाऱ्यावर नाव असलेला’ एवढाच असतो. त्यामुळे खुरपणी, लावणी, वेचणी करणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर नसेल, तर ती आपल्याच रानात ‘शेतमजूर’ किंवा नुसती ‘घरची’ ठरते. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. उचल त्या कोयत्यावर दिली जाते, हिशेब मुकादमाच्या वहीत बहुधा पुरुषाच्या नावावर होतो आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईचा त्या वहीत वेगळा आकडा नसतो. अन्नव्यवस्थेतील विषमता शिकवायची असेल, तर ‘कोयता’ हा शब्द तळटीपेत ढकलू नये. त्याला स्वतंत्र नोंद द्यावी.

प्रतिसाद ३

थोडक्यात भर घालतो. विषमतेसाठी आपल्याकडे अन्नाशीच जोडलेला जुना शब्द आहे : पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याला वरणाचे पाणी, असा त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र जपून वापरावा. पंक्तिप्रपंच होण्यासाठी मुळात पंगतीत पान मांडलेले असावे लागते. ज्यांना पंगतीतच बसू दिले जात नव्हते, त्यांचा अनुभव या शब्दात मावत नाही.

विचारणाकर्ता

सर्वांचे आभार. आता रचना अशी करतो : घटकाचे शीर्षक ‘अन्नव्यवस्थेतील सामाजिक न्याय’, वाटपाच्या प्रकरणात ‘समन्याय’, आणि ‘समानता’ फक्त जेथे खरोखर सारखा हिस्सा अभिप्रेत आहे तेथे. ‘समता’ मूल्य म्हणून प्रस्तावनेत राहील. ‘पंक्तिप्रपंच’ प्रतिसाद ३ मधील मर्यादेसह घेत आहोत. ‘कोयता’ या नोंदीचा मसुदा मात्र आम्ही कार्यालयात बसून लिहिणार नाही. हंगाम संपवून परतलेल्या तोडणी कामगार स्त्रियांपुढे तो आधी वाचून दाखवू, आणि त्या सांगतील त्या दुरुस्त्या करून मगच छापू.