फोनची बेल वाजली की ब्रॉडबँड तुटतं, मोडेम बदलू का?

कौलारू_घर
मंडळी, घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज ७. लँडलाइनवरचं ब्रॉडबँड, एडीएसएल२+, प्लॅन ४ एमबीपीएसचा. मोडेम ब्रिज मोडमध्ये, डायल कॉम्प्युटरवरून होतं. पंधरा दिवसांपासून नेट दिवसाला दहा-बारा वेळा जातंय. फोनची बेल वाजली की हमखास, आणि संध्याकाळी सात ते दहा बेल न वाजताही. परत डायल केलं की कधी ६५१ एरर, कधी ६९१. पाचेक मिनिटांनी लागतं. विंडोज नव्याने टाकलं, लॅन केबल बदलली, फरक शून्य. स्प्लिटर (फोन आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारी डबी) आणि मोडेम हॉलमध्ये. वरच्या मजल्यावर पॅरलल फोन आहे, साधारण ३० मीटर वायर. मोडेमच्या पानावर डाउनस्ट्रीम एसएनआर मार्जिन (खरखरीपुढे सिग्नलला उरलेली सवलत) ५.२ डीबी आणि अ‍ॅटेन्युएशन (तारेत सिग्नलची होणारी घट) ४१ डीबी दिसतंय. मोडेम बदलू का?

लाल_पांढरी_जोडी
थांबा, इतक्यात नको. नेट जाईल त्या क्षणी मोडेमचे दिवे बघा. डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला तर एक्स्चेंजशी सिंक (मोडेमची जुळणी) तुटलंय, म्हणजे दोष तारेत, स्प्लिटरमध्ये किंवा मोडेमच्या वीजपुरवठ्यात. तो दिवा स्थिर असूनही नेट गेलं तर पीपीपीओईचं (डायल करून होणारं) लॉगिन तुटलं. सगळे दिवे व्यवस्थित असतील तरच कॉम्प्युटरवर संशय घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनकार्डच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका.

६५१ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, बहुतेक सिंकच नाही. ६९१ एरवी चुकीच्या पासवर्डला येतो, पण तुमच्याकडे तो तुटल्यावर लगेच येतोय. सर्व्हरवर तुमचं जुनं सेशन अजून उघडं असतं, म्हणून दुसरं लॉगिन नाकारलं जातं. पाच मिनिटं थांबलं की लागतं ते याचमुळे. पासवर्डला हात लावू नका.

तांब्याची_तार
आकडेच सांगतायत. ४१ डीबी अ‍ॅटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून अंदाजे ३ किलोमीटर तार. एवढ्या अंतरावर ४ एमबीपीएस मिळतं, पण हातचं फारसं उरत नाही. मार्जिन ६ डीबीच्या खाली गेलं की जरा खरखर झाली तरी सिंक तुटतं.

माझा पहिला संशय वरच्या पॅरलल फोनवर. त्याची वायर कुठून निघते? भिंतीवरच्या रोझेटमधून (बाहेरची लाइन जिथे येते त्या डबीतून) थेट निघत असेल तर तो फोन स्प्लिटरच्या बाहेर आहे. आवाज ४ किलोहर्ट्झच्या आत चालतो, एडीएसएल २५ किलोहर्ट्झच्या वर. फिल्टर नसलेला फोन दोन्ही गिळतो. त्यात बेलला ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो आणि रिसीव्हर उचलला की लाइनचा भार एकदम बदलतो, मोडेमला ते झेपत नाही.

‘मग वरच्या फोनला मायक्रोफिल्टर (फोनपाशी लावायचा छोटा फिल्टर) लावतो’ असं बरेच जण करतात. त्याने फोनचा त्रास थांबतो, वायरचा नाही. टोकाला काहीही जोडलेलं असो, ३० मीटरची ती फांदी लाइनला लटकलेलीच राहते. सिग्नल तिच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरतो आणि मूळ सिग्नलला खातो. ३० मीटरला हा खड्डा साधारण १.६ ते १.७ मेगाहर्ट्झला पडतो, आणि एडीएसएल२+ तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेलं असतं. म्हणून फांदी मुळापासूनच फिल्टरच्या मागे घ्यायची.

करायचं असं: बाहेरून आलेली जोडी रोझेटमधून सरळ स्प्लिटरच्या ‘लाइन’मध्ये, मध्ये दुसरं काही नाही. ‘मोडेम’मधून मोडेम. ‘फोन’मधून हॉलचा फोन, आणि वरची वायरही तिथूनच. लाइन आणि फोन उलटे लागले नाहीत ना, तेही बघा. जोड उघडे असताना बेल आली तर चांगला झटका बसतो, सांभाळून.

आधी वरची वायर रोझेटमधून नुसती सोडवा आणि मार्जिन परत वाचा.

कौलारू_घर
वायर रोझेटमधूनच गेली होती. सोडवली, मोडेम बंद-चालू केला. मार्जिन ९.८, अ‍ॅटेन्युएशन तेच. दोन दिवसांत बेलमुळे एकदाही तुटलं नाही. संध्याकाळी मात्र दोनदा गेलं, आणि तेव्हा पॉवरसकट सगळे दिवे एकदम विझून परत लागले.

लाल_पांढरी_जोडी
सगळे दिवे एकदम विझतात म्हणजे मोडेम रिस्टार्ट होतोय. हा दुसराच दोष, अ‍ॅडॉप्टर तपासा. पिन मोकळी ठेवून मोजू नका, भार नसताना मेलेला अ‍ॅडॉप्टरही १२ व्होल्ट दाखवतो. मोडेम चालू असताना मोजा. १२ चा अ‍ॅडॉप्टर १० च्या खाली येत असेल तर बाद. संध्याकाळी घरातला व्होल्टेज पडतो तेव्हा हे उघडं पडतं. नवा घेताना व्होल्ट तेवढाच, अ‍ॅम्पियर तेवढा किंवा जास्त, आणि पिनच्या आतला धन-ऋण जुन्यासारखाच. जुन्यावर एसी आउटपुट लिहिलंय की डीसी, तेही वाचा. काही मोडेम एसीवर चालतात.

तांब्याची_तार
यानंतरही डीएसएलचा दिवा लुकलुकला तर घराबाहेर बघायचं. फोनवर एकच आकडा दाबा, डायल टोन थांबेल, मग कान देऊन ऐका. शांतता हवी. खरखर असेल तर कुठला तरी जोड गेलाय. मोडेम काढून, रोझेटला थेट एकच फोन लावूनही ऐका. तरीही खरखर राहिली तर दोष घरच्या वायरिंगमध्ये नाही.

आणखी एक खूण: रिसीव्हर उचलून ठेवला की नेट सुधारतं आणि खाली ठेवला की बिघडतं, असं होत असेल तर जोड गंजलाय. उचलल्यावर वाहणारा करंट गंजाचा पापुद्रा तात्पुरता फोडतो. कौलाखाली किंवा खांबावर तार नुसती पिळून टेप गुंडाळलेला असेल तर पावसात तांब्यावर हिरवट थर चढतोच. लाइनमनला तक्रार देताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ‘लाइनीत खरखर आहे, डीपीपासून (घरोघरी लाइन जिथून फुटते त्या पेटीपासून) घरापर्यंतचा जोड बघा’ असं सांगा, आणि टेपऐवजी पाणी आत न जाऊ देणारा जेलीचा कनेक्टर लावून घ्या.