मर्ल ओबेरॉन: तुमची तिच्याशी गाठ कुठे पडली? (अनुभव धागा)

मागच्या रविवारी घरी १९३९ चा ‘वुदरिंग हाइट्स’ लावला होता. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या, लक्ष अर्धं पातेल्यात. कॅथीचा, म्हणजे नायिकेचा, चेहरा मोठा होऊन पडद्यावर आला तशी त्यांची मान वर झाली. “ही आपल्याकडची दिसते गं.” मी म्हटलं, अहो आई, ही इंग्रज आहे, हॉलिवूडची नटी. त्यांनी एक शेंग मोडली. “असेल. कपाळ आपल्याकडचं आहे.”

रात्री शोधलं आणि चाटच पडले. मर्ल ओबेरॉन, जन्म १९ फेब्रुवारी १९११, मुंबई. मूळ नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्प्सन, घरचं नाव क्वीनी. वडील रेल्वेत काम करणारे इंग्रज, आईकडचं मूळ सिलोनचं. आणि ही बाई आयुष्यभर जगाला सांगत राहिली की माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा!

हा धागा त्यासाठी. तिचा कुठला सिनेमा पाहिलात, कुणाबरोबर, आणि तेव्हा हे माहीत होतं का? छोटं लिहा, मोठं लिहा. फक्त विकी चिकटवू नका, ते मी वाचलंय.

निशाचर

कॉलेजात इंग्रजीला ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी होती आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही चौघांनी होस्टेलवर सिनेमा पाहून काम भागवायचं ठरवलं. आपटलो. सिनेमा पुस्तकाच्या ३४ प्रकरणांपैकी जेमतेम १६ प्रकरणांवर थांबतो, पुढची पिढी गायबच. माझा १५ मार्कांचा प्रश्न नेमका कॅथीच्या मुलीवर, धाकट्या कॅथरीनवर आला.

पण खरी गंमत पुढे एमएला कळली. पुस्तकातला नायक हीथक्लिफ सावळा आहे, कुठून आला कुणाला ठाऊक नाही. त्याला पहिल्यांदा बघून शेजारचा लिंटन म्हातारा ‘लास्कर’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडचा जहाजावरचा खलाशी. मोलकरीण नेली त्याची समजूत घालताना म्हणते, तुझा बाप चीनचा बादशहा असेल, आई हिंदुस्थानची राणी असेल, कुणी सांगावं! सिनेमात हा सावळा पोरगा झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, सरेमधल्या पाद्र्याचा मुलगा. आणि गोऱ्या घरची कॅथी झाली मुंबईत जन्मलेली क्वीनी. उलटीपालट बघा. सेटवरच्या किती जणांना कल्पना असेल?

खलाशाची नात

@निशाचर, लास्कर शब्द वाचून थांबले. आम्ही रत्नागिरीकडचे. आजोबांचे वडील आगबोटीवर कोळसा ओढायला होते. घरात त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, बाकी काही नाही. कादंबरी मराठीतून वाचली होती, त्यात हा उल्लेख कसा आला होता आठवत नाही. आज रात्री इंग्रजीतून काढून बघते. मर्लचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, तरी प्रतिसाद दिला, माफ करा.

धागाकर्ती

माफी कसली. पेटीबद्दल वेगळा धागा काढा.

दिवेवाला

मी मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करतो, २२ वर्षं झाली. सुरुवातीला एका सिनिअर कॅमेरामन दादांकडे होतो. ते क्लोजअपच्या वेळी लेन्सच्या अगदी वर एक छोटा दिवा लावायला सांगायचे आणि त्याला ‘ओबी’ म्हणायचे. “ओबी दे रे, बाईंच्या डोळ्याखालचं मारूया.” मी बरीच वर्षं समजत होतो की ओबी म्हणजे टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅनमधलं ओबी.

मग कळलं, हा दिवा मर्ल ओबेरॉनच्या नावाचा. १९३७ साली लंडनला तिच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्यावर खुणा राहिल्या. १९४४ च्या ‘द लॉजर’ला ल्यूसियन बॅलर्ड कॅमेऱ्यावर होता. त्याने लेन्सला लागून दिवा बसवला. विचार साधा आहे. खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश बाजूने आला की खड्ड्याच्या कडेची सावली पडते. प्रकाश कॅमेऱ्याच्याच रेषेतून आला की सावली खड्ड्याच्या मागे लपते, कॅमेऱ्याला दिसतच नाही. चेहरा सपाट होतो, डोळ्यात एक ठिपका चमकतो. कुठल्याही जुन्या क्लोजअपमध्ये बुबुळाच्या मधोमध तो ठिपका शोधा.

१९४५ ला दोघांनी लग्न केलं, ४९ ला मोडलं. दिवा टिकला. बॅलर्डने पुढे ‘द वाइल्ड बंच’ शूट केला, त्यात धूळ, घाम, सुरकुत्या सगळं उघडं. मला हे फार आवडतं. लपवायचं कसं ते ज्याला कळतं, त्यालाच दाखवायचं कसं ते कळतं.

आता एलईडी आले, मेकअपही फोनमध्येच होतो. पण एका मोठ्या वयाच्या नटीने परवा मला बाजूला घेऊन विचारलं, “दादा, समोरून लावशील ना थोडा?” मी म्हटलं लावतो. नाव सांगणार नाही.

पुण्याची मेघना नाही

दिवेवाले, तुमचं वाचून माझी आत्या आठवली. आत्या सावळी, आणि सत्तरच्या दशकात लग्नाचा फोटो म्हणजे मुलीची परीक्षा. आजोबा तिला लक्ष्मी रोडजवळ एका स्टुडिओत घेऊन गेले. फोटोग्राफर काका निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून दिवा लावून, बारीक टोकाच्या पेन्सिलने गालावर ठिपके देत. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागेल तिथे फोटोत उजळ होतं. आत्या सांगायची, “तासभर तो माणूस माझ्या नाकावर पेन्सिल घासत होता आणि आबा चहा पीत होते.” फोटो पाहून आलेल्या स्थळाने तिला प्रत्यक्ष पाहिलं आणि चहाही न घेता उठले. पुढचं स्थळ फोटोशिवाय आलं, तेच आमचे काका.

मर्लने आईचा फोटो चित्रकाराला देऊन तिची चित्रं करून घेतली आणि रंग उजळ करायला सांगितलं, हे मी वाचलं तेव्हा मला राग नाही आला. काचेवरची पेन्सिलच दिसली. ती चित्रं तिच्या घरात भिंतीवर होती. आई, शार्लट, १९३७ सालीच गेलेली. आणि हयात असताना पाहुण्यांसमोर तिला मोलकरीण म्हणून वावरावं लागे, असं सांगतात.

त्यात आणखी एक पदर. शार्लट तिची आई नव्हतीच, आजी होती. खरी आई कॉन्स्टन्स, शार्लटचीच मुलगी, बाळंत झाली तेव्हा स्वतःच पोर होती. मर्लला ती बहीण म्हणून माहीत. म्हणजे लपवाछपवी हिने सुरू केली नाही, हिला ती पाळण्यातच मिळाली.

भोचक

मोलकरणीची गोष्ट मीठमसाला लावून सांगितली जाते, एवढं नोंदवतो. आणि एक प्रश्न: एवढं लपवायची गरज काय होती? नट्या नाव बदलतात, वय चोरतात, ठीक. पण अख्खा खंड बदलायचा?

जर्सीवाली

भोचक, त्या काळची अमेरिका बघा. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात ठरवलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, सबब नागरिकत्व नाही. ते दार उघडलं १९४६ ला, आणि नव्याने इथे यायला तेव्हाही वर्षाला १०० माणसांचीच मुभा. सिनेमाच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांमधले संबंध पडद्यावर दाखवायलाच मनाई. खरा जन्मदाखला बाहेर आला असता तर कॅथी राहू दे, कॅथीची दासी मिळाली असती.

टास्मानिया का, तर लांब. तिथे जाऊन कोण तपासणार? वर कागदपत्रं आगीत जळाली असं सांगायचं. आमच्या एका ओळखीच्या काकांची पदवीही अशीच पानशेतच्या पुरात वाहून गेली होती. :)

मी स्वतः ‘द डार्क एंजल’ पाहिला, १९३५ चा. ह्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं बेटी डेव्हिसला. गोष्ट अशी की नायक युद्धात आंधळा होतो आणि प्रेयसीला कळू नये म्हणून खोलीतली प्रत्येक खुर्ची पावलांनी मोजून पाठ करतो. ती येते, तो नेमका तिच्याकडे ‘बघून’ बोलतो. अभिनय फ्रेडरिक मार्चचा, पण मी मर्लकडेच बघत होते. समोरचा काहीतरी लपवतोय हे न ओळखण्याचा अभिनय तिने करायचा, तिने! ब्रिटनमधल्या सिनेमांत तिला गूढ, परदेशी बाई म्हणून सजवायचे. इथे निर्माता गोल्डविनने सगळा भडक मेकअप पुसून साधी इंग्रज मुलगी केली.

२०२३ ला मलेशियाच्या मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा इथल्या पेपरांना ‘पहिली आशियाई’ लिहिताना अडखळायला झालं, ते हिच्यामुळे. मग ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ अशी वाक्यं आली. ऑफिसमधल्या कलीगला मी समजावून सांगितलं. म्हणाला, “म्हणजे ती तुमची?” काय उत्तर द्यावं कळेना.

मडगावकार

आमच्या पियानो टीचरने ‘अ साँग टु रिमेंबर’ दाखवलेला, व्हीएचएसवर, १९४५ चा, रंगीत. शोपँ या संगीतकाराच्या आयुष्यावर. मर्ल त्यात जॉर्ज सँड, पँट घालणारी लेखिका. बाकीच्यांना शोपँ आवडला, पियानोच्या पांढऱ्या पट्ट्यांवर रक्ताचा थेंब पडतो तो शॉट सगळ्यांना पाठ. मला ती आवडली. दिग्दर्शकाने तिला खाष्ट ठरवलंय, पण कुणाची पर्वा न करता खोलीत शिरते तेव्हा सिनेमात जीव येतो. टीचरचं मत: संगीत खरं, बाकी सगळी थाप.

हावड्याहून

वडिलांच्या बदलीमुळे आमचं बालपण कोलकात्यात गेलं. मर्लचंही तिथेच गेलं, मुंबई तिने फार लहानपणी सोडली. ला मार्टिनिएर शाळेत होती, मुली जन्मावरून टोमणे मारत म्हणून शाळा सुटली. नंतर टेलिफोन ऑपरेटर झाली आणि हौशी नाटकमंडळीत शिरली. संध्याकाळी चौरंगीवरच्या फिर्पोज रेस्टॉरंटमध्ये. मी चौरंगीवर गेले तेव्हा तिथे मला हातरुमाल विकणारे भेटले. इथून १९२० च्या दशकाच्या शेवटी ती फ्रान्सला, मग लंडनला, आणि १९३३ ला ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ॲन बोलिन. भूमिका एवढीशी, सुरुवातीलाच मुंडकं उडतं. निर्माता अलेक्झांडर कोर्डा, त्याच्याशीच १९३९ ला लग्न. ४२ ला तो सर झाला आणि टेलिफोन ऑपरेटर क्वीनी झाली लेडी कोर्डा.

जुना पडदा

१९३७ चा अपघात वर आलाय, त्याचं शेपूट सांगतो. तेव्हा ‘आय, क्लॉडियस’चं शूटिंग चालू होतं, स्टर्नबर्ग दिग्दर्शक, चार्ल्स लॉटन नायक. सिनेमा बंद पडला तो कायमचा. लॉटनशी दिग्दर्शकाचं पटत नव्हतं, त्यामुळे अपघात म्हणजे सुटायला निमित्त मिळालं असंही म्हणतात. उरलेले तुकडे बीबीसीच्या १९६५ च्या माहितीपटात आहेत, जरूर बघा. रोमन राणी मेसालिनाच्या वेषात मर्ल झकास दिसते.

आणि ‘वुदरिंग हाइट्स’ आवडणाऱ्यांनी दिलीपकुमारचा ‘दिल दिया दर्द लिया’ बघावा, तीच गोष्ट, १९६६. किंवा नका बघू. तीन तास आहे.

होबार्टला राहणारा

धागा वाचून इथून लिहावंसं वाटलं. मी टास्मानियात सात वर्षं आहे. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मी मुंबईचा म्हटल्यावर एकदा सहज मर्लचा विषय काढला. आजींचा चेहरा बदलला. “ती इथली. आमच्या आईला तिचं घर माहीत होतं.” मी जन्मदाखल्याचं सांगितलं. त्यांनी मला बिस्किटं वाढली आणि विषय संपवला.

नंतर ‘द ट्रबल विथ मर्ल’ हा २००२ चा माहितीपट पाहिला, तेव्हा कळलं की असे बरेच जण आहेत, आणि प्रत्येकाची गोष्ट निराळी. १९७८ ला ती स्वतः होबार्टला आली होती, सत्कार झाला. विचार करा. जिथे जन्मलोच नाही त्या गावाने मांडलेला सत्कार, समोर आपल्याला ओळखत असल्याचं सांगणारी माणसं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ती गेली.

मला आजींना खोटं पाडायचं नव्हतं. पण मुंबई हातची सोडवतही नव्हती. आजही जाता-येता हात करतो, मर्लचं नाव दोघंही काढत नाही.

धागाकर्ती

होबार्टवाले, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “बिस्किटं कुठली होती?”

निशाचर

एक राहिलं होतं. ‘वुदरिंग हाइट्स’चा शेवट, दोघांची भुतं बर्फातून चालत जातात तो. दिग्दर्शक वायलरला तो नकोच होता. निर्माता गोल्डविनचा हट्ट. तोवर मर्ल आणि ऑलिव्हिए मोकळे होऊन गेलेले, म्हणून दुसऱ्याच दोघांना कपडे घालून पाठमोरं चालवलं आणि शॉट उरकला. वायलरने तो घेतलाही नाही, दुसऱ्याने घेतला.

दिवेवाला

आत्ता परत लावून बघितला. बरोबर आहे. खांदे बघा, ती नाहीये.