एसटीएम३२ (मायक्रोकंट्रोलर) वर सतत एफएफटी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणारा हिशोब), बॅटरी दोन दिवसात खलास, काय करू भो?

केळीवाला_रावेर:
आमच्या केळीच्या वावरात बोअरचं पाणी आटलं की मोटर कोरडी चालत राहते, म्हणून डिलिव्हरी पाईपला पिझो सेन्सर चिकटवून थरथर ऐकणारं यंत्र बनवतोय. ब्लू पिल बोर्ड (एसटीएम३२एफ१०३), ७२ मेगाहर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, १०२४ पॉइंटची फ्लोट एफएफटी सतत चालू. २६०० एमएएचचे दोन १८६५० सेल सिरीजमध्ये, पुढे एएमएस१११७ (३.३ व्होल्टचा रेग्युलेटर). मीटर लावला तर ४५ एमए. मोटरच्या केबलमधून सप्लाय घ्यायला बाबा हात लावू देत नाहीत.

जुना_रेडिओवाला:
आधी रेग्युलेटर बघ रे भो. दोन सेलच्या ७.४ मधले ४.१ व्होल्ट तो नुसता तापून घालवतो, म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी तू हवेला देतोय! वर एएमएस१११७ स्वतःच ५ एमएच्या आसपास पितो, प्रोसेसर झोपलेला असला तरी. सेल पॅरलल कर आणि कमी क्विसेंट करंटवाला (स्वतः कमी पिणारा) एलडीओ रेग्युलेटर लाव. बोर्डावरचा लाल एलईडीपण काढून टाक.

धुळेकर_डीएसपी:
मुळात एफएफटी कशाला? १०० हर्ट्झचा हम आणि शेजारच्या दोन-तीन फ्रिक्वेन्सी बघायच्या तर गोर्टझेल (ठरावीक फ्रिक्वेन्सीच मोजणारा हलका हिशोब) पुरतो, आणि सॅम्पलिंग १ किलोहर्ट्झ खूप झालं, फक्त पिझोनंतर आरसी फिल्टर टाक नाहीतर वरचा आवाज घडी होऊन खाली येईल. या चिपच्या एम३ कोअरला एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर) नाही, प्रत्येक फ्लोट गुणाकार सॉफ्टवेअरने होतो, क्यू१५ (१६ बिट पूर्णांकातलं गणित) वापर. सॅम्पल डीएमएने (कोअरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) गोळा कर, तोवर कोअर झोपू दे. आणि शेतीची लाईट असते किती तास? बाकी वेळ तू बंद मोटरची एफएफटी काढत बसतो का 😄

पाटील_बोदवड:
क्लॉक ८ मेगाहर्ट्झ कर, विषय संपला.

धुळेकर_डीएसपी:
नाही संपत भाऊ. पॉवर म्हणजे सी व्ही स्क्वेअर एफ (कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले क्लॉक), पण या चिपमध्ये कोअरचं व्होल्टेज आतला रेग्युलेटर १.८ वर धरून ठेवतो. नुसतं एफ कमी केलं तर काम तितकंच लांबतं, हिशोबाला लागणारी एनर्जी साधारण तेवढीच. भरभर हिशोब उरकून स्टॉप मोडला (क्लॉक बंद, गाढ झोप) जाणं बरं. सॅम्पल गोळा करताना मात्र क्लॉक उतरव, तिथे कोअरला काही कामच नाही.

केळीवाला_रावेर:
बठ्ठं करी चुकनू भो! गोर्टझेल, क्यू१५, वीस सेकंदातून एकदा एक सेकंद ऐकतो, बाकी वेळ स्टॉप मोड. एलईडीपण उपसला. तरी झोपेत मीटर ५ एमएच्या खाली जात नव्हता, रात्री दोन वाजेपर्यंत कोड चाळला. मग दिसलं, एएमएस१११७ अजून तसाच बसलेला, नवा एलडीओ पाकिटातच.

जुना_रेडिओवाला:
😂 पहिलंच सांगितलं होतं. आता लावला की रीडिंग टाक.